हिची वजनं, माझी शिस्त

३ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प: राग आवरणे. सकाळच्या चहाआधी आवाज चढवायचा नाही. चहानंतर परिस्थिती बघून.

हिच्या मनगटाचं प्लॅस्टर आज काढलं. हाड जुळलंय. पण हाडांच्या डॉक्टरीणबाईंचं तेवढ्यावर समाधान नाही. रिपोर्ट पुढे धरून म्हणाल्या, हाडं विरळ झालीत, पुढच्या वेळी साध्या धक्क्यानेही मोडतील. मी म्हटलं, पुढची वेळ येणार नाही, मी आहे ना घरात. त्यावर त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. नवऱ्याला.

घरी येताना विचारलं, आत काय चाललं होतं? ही म्हणाली, पडले कशी ते विचारत होत्या. मग काय सांगितलंस? म्हणाली, स्वयंपाकघराच्या दारावर हात आपटला.

बरोबरच आहे. दारावरच आपटला. मी फक्त मनगट धरून जरा फिरवलं होतं. भाजी खारट, वर उलट उत्तर. मनगट फिरवलं की माणूस ऐकतो, हा माझा शाळेतला अनुभव. जन्मभर पी.टी. शिकवली, एकाही मुलाचं हाड मोडलं नाही. हिचंच मोडलं, कारण विरळ होतं. म्हणजे दोष कॅल्शियमचा. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने सिद्ध केलं.

उपाय काय सांगितला, तर वजनं उचला. आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली. वय चौसष्ट. पाण्याची बादली उचलताना 'आई गं' म्हणते. देखरेखच हवी तर मी काय मेलोय?

हो म्हटलं. दोन दिवसांत आपणच सोडेल.

७ जानेवारी

क्लासला सोडायला गेलो. फिजिओथेरपीच्या दवाखान्यावर हॉल आहे. खाली रबराच्या लाद्या, भिंतीला आरसे, कोपऱ्यात लोखंड. सात-आठ बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. एक रिटायर्ड पोस्टमास्तरीण आहे, सत्तरी ओलांडलेली. ती बार, म्हणजे वजनांचा लोखंडी दांडा, खांद्यावर घेऊन उठाबशा काढते. शाळेत उठाबशा ही मी शिक्षा म्हणून द्यायचो. इथे लोक फी भरून काढतात.

शिकवणारी एक दांडगी पोरगी. खांदे दारात मावत नाहीत. बायका तिला कोच म्हणतात. ती प्रत्येकीच्या मागे हात तयार ठेवून उभी राहते आणि एकच पालुपद लावते: पाठ सरळ, टाचांवर जोर, टाकायचं नाही, ठेवायचं.

दारातून दोन-चार टेक्निकल सूचना केल्या. तिने ऐकून घेतल्या, 'थँक यू काका' म्हणाली आणि दार लावलं. काका. मला अख्खा रस्ता सर म्हणतो.

१९ जानेवारी

दोन दिवसांत सोडणार होती. अजून जाते. पाय दुखतात, जिना उतरताना कठडा धरते, तरी जाते. हट्टीपणा हिच्या माहेरचा.

आज चहा कोमट. कप भिंतीवर मारला. चहाआधी आवाज चढवायचा नाही, हा संकल्प मोडलेला नाही. मी आवाज चढवलाच नाही. कप मारला.

एरवी ही डोक्यावर हात घेऊन खाली बसते. आज बसली नाही. कानाजवळून कप गेला, केसांतून चहा ओघळला, तशीच उभी. मग टॉवेलने केस पुसले आणि म्हणाली, भिंत पुसून घ्या, मला क्लास आहे. आणि गेली.

भिंत मी पुसली. तिने सांगितलं म्हणून नव्हे. मुंग्या लागतात.

४ फेब्रुवारी

आज अतिप्रसंग झाला.

माझी छडी. शाळेतून निरोप घेताना सोबत आणलेली, कपाटावर असते. बऱ्याच वर्षांत लागली नाही. म्हणजे फारशी लागली नाही. आज घरी बाहेरच्या खोलीत आलो तर ही आरशापुढे उभी, छडी दोन्ही हातांत आडवी धरून डोक्यावरून मागे नेते, पुढे आणते. म्हणे खांदे मोकळे करायला घरात एखादी काठी घ्या, असं कोचने सांगितलंय. ही बरोब्बर लांबीची सापडली.

ज्या वस्तूला माणसाने घाबरायचं, त्या वस्तूने खांदे मोकळे करायचे?

म्हटलं, दे इकडे. म्हणाली, थांबा, एवढं पूर्ण करते. मी एक टोक धरलं आणि खेचलं. दुसरं टोक तिच्या हातात. सुटेल असं वाटलं होतं. सुटलं नाही. मी पाय रोवले, सगळा जोर लावला, तेव्हा तिने सोडली.

लादी गुळगुळीत असल्यामुळे मी मागे गेलो. स्टुलाची कड माकडहाडाला लागली. संतापाच्या भरात छडी फिरवली ती दिव्याला. काच फुटली, माझ्याच कपाळात घुसली. रक्त बरंच आलं. हिने कापूस लावला. लावताना हात अजिबात हलत नव्हता. पूर्वी माझ्याजवळ आली की हिचे हात थरथरायचे. मला ते आवडायचं, आदर असतो त्यात.

बसता येत नाही. पालथं झोपून लिहितोय.

२२ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या गैरसमज नको.

पोस्टमास्तरीण घरी आली. दोघी खिदळत होत्या. माझ्या घरात, मी पेपर वाचत असताना. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, हे चाळे बंद. ही म्हणाली, कसले चाळे? मी हात उचलला. फटका द्यायचा विचार नव्हता, फक्त जाणीव.

तिने मनगट धरलं. माझं. हवेतच.

पिळलं नाही, ढकललं नाही. नुसतं धरून ठेवलं. क्लासमध्ये मूठ आवळायचं एक यंत्र आहे, सगळ्या बायका ते दाबतात, हे मला माहीत होतं. त्याचा हा उपयोग माहीत नव्हता. मी सोडवायचा प्रयत्न केला. म्हणजे सोडवू शकलो असतो. पण शेगडीवर दूध होतं आणि ते वर यायला लागलं. तिने एका हाताने माझं मनगट तसंच धरून दुसऱ्या हाताने गॅस बंद केला. दुधावर फुंकर घातली. मग मनगट सोडलं.

दूध उतू गेलं असतं म्हणून मी शांत राहिलो.

बोटांचे वळ उठलेत. लांब बाह्यांचा शर्ट घालतोय. खाली औषधाच्या दुकानात मलम घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, सर, काय झालं? सांगितलं, दारावर आपटला.

२३ फेब्रुवारी

संकल्प: फिटनेस. माझा पाया आहेच. तिला सहा आठवडे लागले, मला आठवडा पुरे. दोन बादल्या पाण्याने भरल्या. पाठ सरळ वगैरे नखरे आमच्या वेळी नव्हते. सरळ वाकायचं आणि उचलायचं.

२६ फेब्रुवारी

तीन दिवस सरळ होता आलं नाही. दोन्ही बादल्या सांडल्या, खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळलं, ते लोक भांडायला आले. हिने त्यांची समजूत घातली आणि मला गरम पाण्याची पिशवी दिली. म्हणाली, तुमच्यासाठी कोचला विचारू का? त्या पुरुषांचीही बॅच घेतात.

पिशवी तिच्या दिशेने फेकली. पिशवी मऊ असते. तिने झेलली.

८ मार्च

स्ट्रॅटेजी बदलली. बळापेक्षा बुद्धी. हिचे क्लासचे बूट गच्चीवरच्या टाकीमागे लपवले. बुटांशिवाय जाणार कशी?

अनवाणी गेली. परत येऊन म्हणाली, कोच म्हणतात बार उचलताना अनवाणीच बरं, जमिनीचा अंदाज येतो. आज वजन वाढवलं.

बूट परत आणायला गच्चीवर गेलो. ओले झालेत. दोष माझ्यावर येऊ नये म्हणून तिथेच ठेवले.

१७ मार्च

दवाखान्यातून लिहितोय. डाव्या पायाची तीन बोटं मोडली. हल्ला झाला माझ्यावर.

घडलं ते असं. ठरवलं होतं की आज सोक्षमोक्ष लावायचा. हॉलचं दार उघडून आत गेलो. ही बारापुढे वाकलेली, दोन्ही बाजूंना लोखंडी प्लेटा. मी सभ्य भाषेत म्हटलं, चल घरी. ती बार उचलून उभी राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, समोर बघत होती. कोच म्हणाली, काका, बाहेर थांबा, त्यांच्या हातात वजन आहे. मी कोचला बाजूला केलं. आता बाजूला करताना छातीला हात लागला आणि ती आरशावर आदळली, आरशाला तडा गेला, याला माझा इलाज नाही. जागा अरुंद आहे.

मग प्लेटांच्या बाजूने हिच्या वेणीला धरलं आणि ओढलं. तीस वर्षांत वेणी धरली की ही निमूट आलेली आहे.

मान मागे गेली. बार हातातच राहिला. कोच आरशापाशीच उभी होती, ओठ फुटून हनुवटीवर रक्त. तिथूनच, अगदी हळू आवाजात म्हणाली, सोडून द्या.

मला वाटलं मला म्हणतेय. हिला वाटलं हिला. हिने बार सोडून दिला.

आता 'टाकायचं नाही, ठेवायचं' हे त्यांचंच धोरण ना? मग माझ्या पायाच्या वेळीच अपवाद का? बोटं मोडतात तेव्हा सुपारी फुटल्यासारखा आवाज येतो. मी रबराच्या लादीवर लोळत होतो आणि त्या सगळ्या बायका गोल करून बघत होत्या. पोस्टमास्तरीण वाकून म्हणाली, वेणी सोडा आता. मी अजून धरलेलीच होती. तिने माझी बोटं एकेक करून उघडली, पाकीट उघडावं तशी.

मग कोचने ओठाला बर्फ लावला आणि मला तिघींनी उचलून खाली आणलं. पाठी सरळ होत्या सगळ्यांच्या.

२ एप्रिल

पायाला प्लॅस्टर, काखेत कुबडी. खुर्चीत बसून असतो. शाळेची शिट्टी काढली आहे. एक फुंकली की पाणी, दोन फुंकल्या की चहा. सिस्टिम उत्तम. ही येते, देते, जाते. मला बाथरूमला नेते तेव्हा काखेखाली हात घालून अशी उभी करते की माझं वजन उरलेलंच नसतं. घर पुन्हा रुळावर आलं. आजारपणाचा हा फायदा.

पोलिसांकडे कोचविरुद्ध तक्रारीचं पत्र धाडलं. इंग्रजीत लिहिलं, म्हणजे वजन पडतं. अशा संस्था बंद व्हायला हव्यात.

११ एप्रिल

तीन शिट्ट्या फुंकल्या, तरी आली नाही. आली तेव्हा घामाघूम. आत व्यायाम चालला होता, म्हणाली. मी तिकडे तहानेने व्याकूळ.

माझ्या पायातली सपात सरळ करायला वाकली. पाठ समोर होती. कुबडी हातात होती. दिली.

एकच. लाकूड ओलं नसेल तर आवाज मोठा होतो. ही पुढे गेली, तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. खालचा दात ओठातून बाहेर आला. लादीवर रक्त. मला वाटलं आता बराच वेळ पडून राहील, तशी सवय आहे. पण तिने एक गुडघा पुढे घेतला, मांडीवर हात ठेवला, श्वास घेतला आणि कशालाही न धरता उठली. क्लासमध्ये हे शिकवतात. पडल्यावर उठायचं कसं. असला विषय कुणी शिकवतो का?

मग माझ्याकडे आली. मी कुबडी पुन्हा उगारली, ती तिने काढून घेतली, लहान पोराच्या हातून चाकू काढून घ्यावा तशी. शर्टाच्या पुढच्या बाजूला दोन्ही मुठी घातल्या आणि मला खुर्चीतून उचललं. बटणं उडाली. भिंतीला लावलं. मी एका पायावर. तिच्या हनुवटीवरून रक्त माझ्या बनियनवर पडत होतं.

एवढ्या जवळून तिचा चेहरा बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. डोळे पिंगट आहेत.

म्हणाली, मनगट मोडलं तेव्हा मी दार म्हटलं. दाढ पडली तेव्हा नळ म्हटलं. उजव्या कानाने ऐकू येईना तेव्हा सर्दी म्हटलं. लेक सातवीत असताना तिचा हात भाजला, तेव्हा तिलाच इस्त्री म्हणायला लावलं. आता मी दुसरं काही म्हणणार नाही. जे झालं तेच म्हणणार.

स्मरणशक्ती चांगली आहे. व्यायामाने वाढते म्हणतात.

मला वाटलं आता मारेल. मी डोळे मिटले होते, उजेडाचा त्रास होतो म्हणून. पण तिने मला परत खुर्चीत ठेवलं. हळू. आपटलं नाही.

हात थरथरतायत, अक्षर वाईट येतंय. प्रोटीन कमी पडत असणार. पायजमा बदलावा लागला. पाण्याचा ग्लास सांडला होता.

१४ एप्रिल

हिच्या ओठाला टाके. हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडेच गेली होती, का कोण जाणे, ओठात हाड नसतं. संध्याकाळी लेक आली. वर्षभरात आली नव्हती. बापाचा पाय मोडल्याचं कळलं असणार. माझ्याकडे बघून म्हणाली, बरे आहात ना, आणि आत गेली. दोघी कुजबुजत होत्या. लेक रडत होती बहुतेक, ही नव्हती. लेक समजूतदार आहे. आईला चार गोष्टी सांगत असेल.

१६ एप्रिल

माझ्या तक्रारीची दखल घेतली गेली. खरोखर प्रॉम्प्ट. एक पोलीसबाई आणि एक शिपाई घरी आले. मी चांगला शर्ट घातला. कोचचं नाव-गाव सांगायला सुरुवात केली, तर पोलीसबाई म्हणाल्या, ते नंतर बघू, आधी तुमच्या मिसेसच्या मनगटाचं सांगा.

विषयांतर होत होतं, पण सहकार्य करायचं म्हणून सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारावर आपटलं. म्हणाल्या, दाखवा. मी कुबडीवर गेलो आणि दाखवलं.

स्वयंपाकघराला दार नाही. चौकट आहे. दार मीच काढून टाकायला लावलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. हिच्यावर लक्ष ठेवायला बरं पडतं.

पोलीसबाईंनी चौकटीकडे बघितलं. शिपायाने बघितलं. मीही बघितलं. मग त्यांनी बिजागरीच्या जुन्या खाचांवरून बोट फिरवलं आणि शिपायाला म्हणाल्या, लिहून घे. मी म्हटलं, पूर्वी होतं. त्या म्हणाल्या, तेही लिहून घे.

जबाबाला चालता येईल तेव्हा ठाण्यावर यायचंय. कुबडीवर येता येतं, असंही म्हणाल्या. सोमवारी.

एकंदरीत छाप चांगली पडली असावी. जाताना शिपायाने दार हळू लावलं.

१९ एप्रिल

ही लेकीकडे चाललीय. हवापालट. मी परवानगी दिली नाही, पण विरोधही केला नाही, म्हणजे ती परवानगीच झाली. कपड्यांची बॅग लेकीने खाली नेली. आपला चौथा मजला, लिफ्ट नाही.

माझा हिशेब सरळ होता. ही शिलाईमशीन सोडून जाणार नाही. जुनं, ओतीव लोखंडाचं, लाकडी पाटासकट. लग्नानंतर ते वर आणलं तेव्हा दोन माणसांनी प्रत्येक मजल्यावर टेकवलं होतं. मशीनशिवाय ही जाणार नाही आणि माझ्याशिवाय मशीन हलणार नाही. लेकीच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे शेवटी विचारावं लागणार. मला नव्हे, माझा पाय मोडलाय, पण माझ्या सांगण्यावरून खालचा दुकानदार येईल. मी सांगितलं तर.

खुर्ची बाहेरच्या दारात घेतली. प्लॅस्टरचा पाय उंबऱ्यावरून आडवा ठेवला, समोरच्या चौकटीपर्यंत. आरामात बसलो. पेपर उघडला.

लेक वर आली, म्हणाली, आई, एक बाजू मी धरते. ही म्हणाली, नको, तू बाजूला हो.

पेपरच्या वरून बघत होतो. तिने मशीनपुढे पाय रोवले. गुडघ्यात वाकली. मशीन अंगाजवळ ओढलं. तोंड जरा वेडंवाकडं झालं, ओठाचे टाके ताणले गेले असतील. मग उठली. मशीन तिच्यासोबत उठलं.

दारापर्यंत आली. मी पेपरचं पान उलटलं. वाटलं, आता विनंती करेल. ती लोखंड छातीशी धरून उभी राहिली. श्वास एकसारखा चालला होता. रागावलेली दिसली नाही. घाईतही दिसली नाही. कपाटापाशी उभं राहून आतलं काही शोधताना जसा चेहरा असतो, तसा.

म्हणाली, अहो, पाय.

घेतला. प्लॅस्टरला धक्का लागला असता.

ती गेली. जिन्यावर पावलं वाजत होती, एकेका पायरीवर सारखा आवाज. कुठल्यातरी मजल्यावर टेकवेल, दम घेईल, वर हाक मारेल, म्हणून कान देऊन बसलो.

कुठेच टेकवलं नाही. खाली गाडीचं दार लागलं.